बॉन्झोच्या गावाला जाऊन आलो : लंडन, हेडली, रेडिच, रशॉक

सप्टेंबरच्या शेवटी बहिणीकडे रेडिंगला जाणं झालं. काय काय बघायचंय असं तिने विचारलं तेव्हा बकिंगहॅम पॅलेस, स्टोनहेंज असं काहीतरी ऐकायची तिची तयारी होती, मी म्हटलं रेडिच. इतकी वर्षं इंग्लंडमध्ये काढून तिने हे नाव ऐकलं नव्हतं, पण भाचा म्हणाला मामा मी येतो, कॉलेज सुरू व्हायला वेळ आहे आणि गाडी मी चालवणार. त्यामुळे सोबतीचा प्रश्न मिटला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जॉन बॉनम, प्रेमाचं नाव बॉन्झो, लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडचा ड्रमर. जन्म ३१ मे १९४८, रेडिच. मृत्यू २५ सप्टेंबर १९८०, म्हणजे वय फक्त ३२ आणि त्यातली १२ वर्षं झेपलिनमध्ये. त्याच्याबद्दल कुणीही बोलायला लागलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, काय जोरात वाजवायचा. मी अनेक वर्षं ढोल पथकात वाजवलंय, खांदा अजून त्याची आठवण करून देतो, त्यामुळे जोरात वाजवणं म्हणजे काय ते मला बऱ्यापैकी माहिती आहे आणि नुसत्या जोराने असं वाजत नाही एवढंही माहिती आहे. मग असं वाजतं कशाने, हे डोक्यात घेऊनच फिरलो.

गुरुवार, लंडन

सकाळी पॅडिंग्टनला उतरलो आणि सरळ चायनाटाउन गाठलं. जेरार्ड स्ट्रीट. आता तिथे दुकानांच्या काचांमागे भाजलेली बदकं टांगलेली असतात आणि टुरिस्ट लोक लाल कंदिलांचे फोटो काढत असतात, पण ऑगस्ट १९६८ मध्ये याच रस्त्यावरच्या एका तळघरात गिटारवाला जिमी पेज, गायक रॉबर्ट प्लांट, बेस गिटारवाला जॉन पॉल जोन्स आणि बॉनम हे चौघं पहिल्यांदा एकत्र वाजवायला जमले. खोली छोटी, चारी बाजूंना अॅम्प्लिफायर. पहिलं गाणं 'ट्रेन केप्ट अ-रोलिन'. ते संपेपर्यंत चौघांनाही कळलं होतं की आता दुसरं कुणी शोधायची गरज नाही.

आणि गंमत म्हणजे बॉनमला यायचंच नव्हतं. तो तेव्हा अमेरिकन गायक टिम रोझबरोबर दौरा करत होता, आठवड्याला ४० पौंड मिळत होते, घरी बायको आणि दोन वर्षांचा मुलगा, शिवाय जो कॉकर आणि क्रिस फार्लो यांच्याकडूनही बोलावणं होतं. चांगला लागलेला पगार सोडून नव्या बँडच्या नादी कोण लागतो? प्लांटने त्याच्या नेहमीच्या पबच्या पत्त्यावर आठ तारा पाठवल्या आणि मॅनेजर पीटर ग्रँटने म्हणे आणखी चाळीस. भाच्याला तार म्हणजे काय ते सांगण्यात माझं अर्धं डिम सम थंड झालं.

डिम सम मात्र झकास होतं. कोळंबीचे ते पारदर्शक मोदकासारखे असतात ते घ्या, आणि दुपारी बाराच्या आत जा, नंतर रांग लागते.

दुपारी बार्न्सला गेलो. थेम्सच्या वळणावरचं शांत, श्रीमंत उपनगर आहे, लंडनमध्ये आहोत असं वाटत नाही. तिथला ऑलिम्पिक स्टुडिओ म्हणजे एकेकाळी इंग्लिश रॉकचं माहेरघर, आता त्याच इमारतीत सिनेमा थिएटर आणि कॅफे आहे. १९६८ च्या शरद ऋतूत झेपलिनचा पहिला अल्बम इथे साधारण ३६ तासांच्या स्टुडिओ वेळेत रेकॉर्ड झाला. आम्ही कॉफी घेतली (महाग आहे, सांगून ठेवतो) आणि मी भाच्याला इयरफोनवर त्या अल्बमचं पहिलं गाणं 'गुड टाइम्स बॅड टाइम्स' ऐकवलं. म्हटलं फक्त बेस ड्रमकडे लक्ष दे, पायाने वाजतो तो. त्याने ऐकलं आणि म्हणाला, दोन बेस ड्रम आहेत ना? १९६९ मध्ये हे ऐकणाऱ्या भल्याभल्यांना तसंच वाटलं होतं. एकच ड्रम, एकच पेडल आणि एक उजवा पाय, आणि त्या एका पायाने तो तिपटीतले झटपट ठोके काढतोय. आणि ते ठोके नीट ऐकलेत तर मोठे नाहीयेत, हलके आहेत, जवळजवळ गुदगुल्या केल्यासारखे. इथेच ते 'काय जोरात वाजवायचा' जरा डळमळीत होतं.

टिप: लंडनमध्ये वेगळं कार्ड काढत बसू नका, कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड चालतं, फक्त जाता-येता एकच कार्ड वापरा नाहीतर दिवसाची कमाल मर्यादा लागू होत नाही. बार्न्सला हॅमरस्मिथहून बस आहे.

शुक्रवार, हेडली

रेडिंगहून गाडीने हॅम्पशायरमध्ये उतरलो. पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, ऊन म्हणावं तर तेही नाही, काचेवर नुसती ओल. दोन्ही बाजूंना झुडपांच्या भिंती असलेले अरुंद रस्ते, समोरून ट्रॅक्टर आला की कुणीतरी एकाने पाठी जायचं. भाच्याने तीन वेळा पाठी घेतली आणि तिन्ही वेळा समोरच्याने हात करून थँक्यू म्हटलं.

हेडली ग्रेंज हे घर १७९५ मध्ये बांधलं ते गरिबांना ठेवून काम करून घ्यायला, वर्कहाउस म्हणून. १८३० मध्ये शेतमजुरांच्या दंगलीत जमावाने त्याच्यावर हल्ला केला होता. पुढे ते खाजगी घर झालं आणि १९७० च्या आसपास ते बँडना भाड्याने मिळायला लागलं. झेपलिनने तिथे फिरता स्टुडिओ, म्हणजे रेकॉर्डिंगची सगळी यंत्रं बसवलेला ट्रक बाहेर उभा केला आणि आत थंडीने कुडकुडत चौथ्या अल्बमचं काम केलं.

घर आजही खाजगी आहे, लोक राहतात. रस्त्यावरून झाडांमधून जेवढं दिसतं तेवढं बघायचं. आम्ही पाचेक मिनिटं उभे राहिलो, फोटो काढला नाही, एक बाई कुत्रा घेऊन आल्या आणि आमच्याकडे बघून न विचारताच म्हणाल्या, झेपलिन? मग सांगायला लागल्या की उन्हाळ्यात तर जपानी लोकसुद्धा येतात, बिचारे नम्र असतात, एकाने मात्र भिंतीचा तुकडा मागितला होता. कुत्र्याचं नाव विचारलं तर मर्फी, म्हणजे तिथे काही योगायोग निघाला नाही.

या घरात काय झालं ते सांगतो, कारण त्यासाठीच एवढा आलो. बॉनमसाठी नवा ड्रम सेट आला होता तो खालच्या हॉलमध्ये मांडला गेला. हा हॉल म्हणजे तीन मजले उंच मोकळी जागा, भोवती वर जाणारा जिना. तिथे वाजवून बघितलं तर आवाज असा घुमला की सगळे थबकले. साउंड इंजिनिअर अँडी जॉन्सने ड्रमजवळ माइक लावायच्या ऐवजी दोन माइक वर जिन्याच्या कठड्यावरून खाली सोडले, बस्स. त्यातून आलेला आवाज एका इको मशीनमधून थोडा फिरवला आणि 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'चा ठेका तयार झाला. मूळ गाणं १९२९ मधलं, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मकॉय यांचं, मिसिसिपीच्या पुराबद्दलचं. तो ठेका नंतर हिप-हॉपवाल्यांनी इतका उचलला की भाच्याने पहिल्या चार मात्रांतच ओळखला, फक्त तो मूळचा कुणाचा हे त्याला माहीत नव्हतं.

आता विचार करा, ड्रमर खाली, माइक दोन मजले वर. अशा वेळी तुम्ही नुसते बडवत सुटलात तर वर सगळा चिखल ऐकू येईल, कारण प्रत्येक ठोका घुमायला वेळ घेणार. बॉनम दोन ठोक्यांच्या मध्ये त्या हॉलला वाजू देतो. हळू लय, मोजके ठोके, आणि मधल्या मोकळ्या जागेत घर बोलतंय. शिवाय तो ड्रमची कातडी ताणून चढ्या स्वरात लावायचा आणि आत उशा-गोधड्या फारशा कोंबायचा नाही, त्या काळी बाकीचे ड्रमर आवाज दाबायला तेच करत होते. म्हणजे हात जड होता हे खरंच, पण त्यापेक्षा ड्रम कसा लावायचा आणि कुठे थांबायचं त्याचं भान.

'रॉक अँड रोल' हे गाणंसुद्धा याच घरातलं. ते 'फोर स्टिक्स' नावाचं दुसरंच गाणं बसवत होते, पाच आणि सहाच्या मापात उड्या मारणारं, आणि ते काही केल्या बसेना. बॉनमने वैतागून लिटल रिचर्डच्या एका जुन्या गाण्याची सुरुवात वाजवली, पेजने त्यावर गिटार टाकली, आणि थोड्या वेळात नवीनच गाणं उभं. मधल्या वेळात अडकलेलं 'फोर स्टिक्स' पुढे पूर्ण झालं, बॉनमने ते दोन्ही हातांत दोन-दोन काड्या धरून वाजवलंय म्हणून ते नाव.

आणि याच गाण्याचा एक धागा आपल्याकडे येतो. १९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले, तिथल्या स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' पुन्हा रेकॉर्ड केली, तंतुवाद्यं, तबला वगैरे घेऊन. कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या डिस्कोमध्ये दोघं वाजवूनही गेले. ते रेकॉर्डिंग अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. बॉनम मात्र त्या वेळी मुंबईत नव्हता. चार काड्यांचं काम आपल्या तालवाद्यवाल्यांनी केलं, आणि ऐकताना मला दर वेळी वाटतं की हा माणूस त्या खोलीत असता तर तबल्याकडे बघत बसला असता.

जेवण गावातल्या पबमध्ये. चिकन अँड लीक पाय आणि नंतर ब्लॅकबेरी क्रंबल वर गरम कस्टर्ड. त्या दिवसांत रस्त्याकडेच्या काट्यांवर ब्लॅकबेरी लगडलेली असते, फुकट, पण कुत्र्यांच्या उंचीच्या वरचीच तोडा.

टिप: ट्रेनने यायचं तर वॉटर्लूहून लिपहुक, पुढे टॅक्सी. घराच्या ड्राइव्हवेमध्ये पाऊल टाकू नका.

शनिवार, रेडिच

रेडिंगहून बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीट थेट ट्रेन, तिथे हॉटेलात बॅगा टाकून रेडिचची लोकल. रेडिच हे शेवटचं स्टेशन, पुढे रूळच नाहीत.

खरं सांगतो, गाव दिसायला काही खास नाही. १९६४ मध्ये त्याला न्यू टाउन जाहीर केलं आणि मग गोल चौकच गोल चौक आणि मधोमध एक भलामोठा किंगफिशर मॉल. पण हे गाव एकेकाळी जगाला सुया पुरवायचं, शिवणाच्या सुया, मासे पकडायचे गळ. आणि आपल्या वाचकांनी सरसावून बसावं अशी गोष्ट, बुलेटचं गाव हेच. रॉयल एनफिल्डचा मूळ कारखाना रेडिचला, पहिली बुलेट १९३२ ची, १९५५ पासून ती मद्रासला बनायला लागली आणि १९६७ मध्ये इथला कारखाना बंद झाला. बहिणीला फोन करून हे सांगितलं तेव्हा तिकडून भाऊजी ओरडले, आधी नाही का सांगायचं!

मॉलच्या आत भिंतींवर एदुआर्दो पाओलोझ्झीची रंगीबेरंगी मोझेक आहेत, सुया, यंत्रं, सगळं त्यात. लोक त्याखालून खरेदीच्या पिशव्या घेऊन जातात, वर बघत नाहीत. तुम्ही बघा.

बॉनमचा पुतळा मर्सियन स्क्वेअरमध्ये आहे. ब्राँझचा, शिल्पकार मार्क रिचर्ड्स, अनावरण ३१ मे २०१८, म्हणजे तो असता तर त्याचा सत्तरावा वाढदिवस. वाजवता वाजवता पकडलाय त्याला. आम्ही गेलो तेव्हा दोन छोट्या मुली पायथ्याशी बसून चिप्स खात होत्या, आणि शेजारच्या बाकावर एक ऐंशीच्या पुढचे आजोबा. भाच्याने विचारलं, तुम्ही ओळखायचात का याला? ते म्हणाले, रेडिचमधला पंच्याहत्तरीच्या पुढचा प्रत्येक जण तुला सांगेल की त्याने हा भिंतीपलीकडून ऐकलाय, त्यातले निम्मे थापा मारतात. तुम्ही कुठल्या निम्म्यात, असं मी विचारलं तर खो-खो हसले. स्वतः एनफिल्डमध्ये गिअरबॉक्सला होते, कारखाना बंद झाला तेव्हा बाविशीत. मी म्हटलं माझ्याकडे पुण्यात बुलेट आहे. त्यांनी माझा हात हातात घेऊन विचारलं, अजून तेल गळतं का? म्हटलं आता नाही गळत. म्हणाले, मग ती एनफिल्ड कसली.

बॉनम पाच वर्षांचा असताना डबे बडवायचा, दहाव्या वर्षी आईने स्नेअर ड्रम (खालून तारा लावलेला छोटा ड्रम) दिला, पंधराव्या वर्षी वडिलांनी पहिला सेट. शाळेच्या मुख्याध्यापकांनी प्रगतिपुस्तकात लिहिलं म्हणे की हा एक तर कचरा उचलेल नाहीतर लखपती होईल. शाळा सुटल्यावर वडिलांच्या बांधकामाच्या धंद्यात सुतारकाम, रात्री गावोगावच्या बँडमध्ये ड्रम. १९६६ मध्ये पॅटशी लग्न, संसार एका कॅराव्हॅनमध्ये. लग्न केलंस तर ड्रम सोडेन असं तिला सांगितलं होतं, आणि मग रोज रात्री घरी आला की ड्रमवरच जाऊन बसायचा, शेवटी तिनेच विषय सोडला असणार. मला या सगळ्यात ती सुतारकी महत्त्वाची वाटते, लाकडावर हत्यार किती जोराने आणि कुठे पडलं पाहिजे ते ज्याच्या हाताला कळतं तो माणूस. हा माझा अंदाज हां, पुरावा काही नाही.

पोटपूजा: बाजारातल्या एका छोट्या दुकानात चीज-कांद्याचा पाव आणि चहा, तीन-साडेतीन पौंडात. मॉलच्या फूड कोर्टाच्या नादी लागू नका.

टिप: सुयांचं म्युझियम, फोर्ज मिल, वेळ असेल तर जरूर बघा, पाणचक्कीवर चालणारी सुया घासायची यंत्रं आहेत. वेळा बदलतात, आधी बघून जा.

रविवार, रशॉक

रविवारी इंग्लंडमध्ये ट्रेनचं काही खरं नसतं, रुळांची कामं काढतात. आम्हाला अर्धा रस्ता बसमध्ये घातलं. शेवटी ड्रॉइटविचला पोचलो, जमिनीखालच्या खारट झऱ्यांचं गाव, समुद्रापेक्षा कित्येक पट खारं पाणी. तिथून टॅक्सी, साधारण दहा किलोमीटर. टॅक्सीवाले काका मीरपूरचे, रशॉक म्हटल्यावर म्हणाले, चर्च ना, ड्रमवाला? वर्षाला दहा-बारा सवाऱ्या होतात तिथल्या. थांबायचे पैसे घेणार नाही म्हणाले, गाडीत झोपतो.

वाटेत कटनल ग्रीन लागतं. त्याच परिसरात ओल्ड हाइड नावाचं बॉनमचं फार्म होतं, शंभरेक एकर, तिथे त्याने पांढऱ्या तोंडाच्या हेरफर्ड गाई-बैल पाळले होते. बँडच्या १९७६ च्या सिनेमात तो बैलाशेजारी उभा दिसतो, आणि त्याचा मुलगा, छोटा जेसन, छोट्या ड्रमवर. स्टेजवर वीस-वीस मिनिटं सोलो वाजवणारा, मध्येच काड्या टाकून नुसत्या हातांनी वाजवणारा, रक्त आलं तरी न थांबणारा हा माणूस दौऱ्यावर घरासाठी झुरायचा. आणि ते झुरणं दारूत बुडवायचा, आणि प्यायला की भयंकर व्हायचा. १९७७ मध्ये ओकलंडला प्रमोटरच्या माणसाला मारहाण केल्याचा खटला त्याच्यावर आणि ग्रँटवर झाला होता. चाहते हे भाग गाळून सांगतात, मला ते पटत नाही.

रशॉक म्हणजे थोडी घरं, शेतं आणि उंचावर लाल दगडाचं सेंट मायकल चर्च. थडगं शोधावं लागत नाही, चाहत्यांनी ठेवलेल्या झांजा लांबून चमकतात. जवळ गेलं की दिसतं, चमकणाऱ्या कमीच, बऱ्याचशा हिरव्या पडलेल्या, कडांना तडे. आणि काड्या, शेकडो नव्हे पण खूप. हिकरी लाकडाच्या काड्या पावसात फुगून टोकाला उकलल्या होत्या, कुणी मार्करने नाव-गाव लिहिलेलं, शाई पसरलेली, एकीवर फक्त साओ पाउलो वाचता आलं. दगडावर बायकोने नवऱ्याला म्हणावं तसं गुडनाइट लिहिलंय. चाहत्यांसाठी एक शब्द नाही. बरं वाटलं.

तिथे एक जोडपं भेटलं, वेल्सहून मोटारसायकलवर आलेलं, दोघंही शिक्षक. ती ड्रम वाजवते, तो वाजवत नाही, तो थर्मास घेऊन आला होता. तिने आम्हाला चहा दिला आणि मग त्या दिवसाबद्दल बोलणं निघालं. २४ सप्टेंबर १९८० ला बॉनम अमेरिका दौऱ्याच्या तालमीसाठी ब्रे स्टुडिओकडे निघाला, वाटेत नाश्त्यालाच चार मोठे व्होडका, प्रत्येक चार पेगचा. दिवसभर चालूच. रात्री विंडसरजवळच्या पेजच्या घरी झोपवला, दुसऱ्या दिवशी दुपारी जोन्स आणि बरोबरचा एक जण उठवायला गेले तर गेलेला. चौकशीत आकडा आला तो २४ तासांत साधारण ४० पेग. डिसेंबरमध्ये बाकीच्या तिघांनी जाहीर केलं की बँड संपला. दुसरा ड्रमर घ्यायचा विचारच केला नाही. २००७ मध्ये लंडनला एका रात्रीसाठी एकत्र आले तेव्हा ड्रमवर जेसन होता. विंडसर रेडिंगपासून जवळ आहे पण ते घर बघायला मी मुद्दाम गेलो नाही.

तिला विचारलं, वाजवणारी म्हणून सांगा, सगळ्यात अवघड काय आहे त्याचं? मला वाटलं तो उजवा पाय म्हणेल. ती म्हणाली, उशीर. स्नेअरचा ठोका तो किंचित, अगदी केसाएवढा उशिरा टाकतो, आणि तरी लय ढळत नाही. माझे विद्यार्थी जोर आठवड्यात आणतात, उशीर आणायला वर्षं जातात. मग तिने दगडी कुंपणावर बोटांनी वाजवून दाखवलं, एकदा बरोब्बर वेळेवर आणि एकदा उशिरा. दुसऱ्या वेळी भाच्याची मान आपोआप हलली. तो म्हणाला, मामा, आता कळलं.

टिप: रशॉकला बसच्या भरवशावर जाऊ नका, टॅक्सी येण्या-जाण्याची ठरवा. थडग्यावरचं काही उचलू नका, उचलतात लोक.

संध्याकाळी बर्मिंगहॅमला परत आणि काकांनी सांगितलं तिथेच, स्पार्कहिलमध्ये बाल्टी खायला. पातळ लोखंडी कढईत मोठ्या आचेवर करतात आणि त्याच कढईत समोर येते, भोवती तेल अजून चरचरत असतं. पदार्थ बर्मिंगहॅमचाच, सत्तरच्या दशकात इथल्या पाकिस्तानी हॉटेलवाल्यांनी काढलेला. आम्ही गेलो तिथे दारू मिळत नाही, मँगो लस्सी मिळते. दोन माणसांना एक फॅमिली नान पुरून उरतो हे वेटरने सांगूनही भाच्याने दोन मागवले. टेबलावर मावेनात. उरलेला दीड नान कागदात बांधून घेतला, दुसऱ्या दिवशी सकाळच्या ट्रेनमध्ये चहाबरोबर खाल्ला, बॅनबरी येईपर्यंत संपला होता.